जज्जसाहेब समोरच्या टेबलाशी उभे असतात तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. मोटार अपघाताच्या दाव्यात तुम्ही मृताच्या पत्नीचे वकील आहात. विमा कंपनीतर्फे जे उभे राहतात ते दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, या पदावरून निवृत्त झालेले आहेत. पट्टेवाल्यापासून बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना ‘जज्जसाहेब’ म्हणतात. उलटतपासात त्यांच्या ज्युनिअरने तुमच्या साक्षीदार बाईंना सांगितलं, ‘जज्जसाहेब विचारताहेत त्याचं नीट उत्तर द्या’, आणि बाई गोंधळून डायसकडे, म्हणजे न्यायाधीशांच्या उंच आसनाकडे, बघायला लागल्या. तुम्ही गप्प राहिलात आणि घरी गेल्यावर ते तुम्हाला खुपत राहिलं. असं म्हणणं चालतं का, आणि चालत नसेल तर तुम्ही काय करायला हवं होतं, हे तुम्ही विचारलं आहे.

कोर्टाचं काम चालू असताना, त्या चार भिंतींच्या आत, ‘जज्जसाहेब’ एकच असतात आणि ते डायसवर बसलेले असतात. वकिलाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या कोणालाही तो शब्द लावू नये, मग त्यांनी तीस वर्षं न्यायदान केलेलं असो. मी चाळीस वर्षं वकिली करतो आहे आणि या बाबतीत माझं मत दरवर्षी अधिकच पक्कं होत गेलं आहे.

आधी लिखित नियम काय आहे ते पाहू, कारण बार रूममध्ये या विषयावर बरंच ऐकीव चालतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीत, सहाव्या भागात, वकिलांच्या व्यावसायिक आचरणाचे नियम आहेत. त्यातला ३६ वा नियम जाहिरातबंदीचा म्हणून सगळ्यांना माहीत असतो, पण तो शेवटपर्यंत वाचणारे कमी. वकिलाची पाटी माफक आकाराची असावी, एवढं सांगून तो थांबत नाही. पाटीवर किंवा कागदपत्रांवर तुम्ही बार कौन्सिलचे सदस्य आहात वा होतात, अमुक प्रकारच्या कामात तुमचा हातखंडा आहे, यातलं काही लिहायचं नाही, आणि तुम्ही पूर्वी न्यायाधीश किंवा महाधिवक्ता होतात हेही लिहायचं नाही, असं तो नियम स्पष्ट शब्दांत सांगतो. म्हणजे घराच्या फाटकावरची ‘माजी न्यायाधीश’ ही पाटी जर वकिलीच्या ऑफिसचीही पाटी असेल तर ती नियमाबाहेर आहे. नोटिशीच्या लेटरहेडवर नावाखाली ‘निवृत्त न्यायाधीश’ छापलेलं असेल तर तेही.

दुसरा नियम तुमच्या प्रसंगाला आणखी जवळचा आहे. त्याच भागातल्या तिसऱ्या प्रकरणाचा ७ वा नियम सांगतो की न्यायिक अधिकारी निवृत्तीनंतर वकिली करू लागला, तर ज्या न्यायालयावर त्याच्या शेवटच्या पदाच्या बरोबरीचा किंवा त्याहून खालचा अधिकारी बसतो, तिथे त्याने वकिली करायची नाही. म्हणूनच तुमचे हे प्रतिपक्षाचे वकील अपघात दावा न्यायाधिकरणात दिसतात. तिथे जिल्हा न्यायाधीश बसतात, त्यांच्या जुन्या पदाच्या वरचे. खालच्या दोन्ही, कनिष्ठ आणि वरिष्ठ स्तराच्या, दिवाणी न्यायालयांत ते उभे राहू शकत नाहीत. जुन्या पदाचं वजन समान किंवा कनिष्ठ अधिकाऱ्यावर पडू नये, एवढाच या नियमाचा हेतू आहे. आता विचार करा, जे वजन नियमाने खालच्या कोर्टाच्या दारातून बाहेर ठेवलं, ते वरच्या कोर्टात एका संबोधनाच्या रूपाने परत आत आलं तर नियमाचा अर्थ काय राहिला?

उच्च न्यायालयाच्या बाबतीत हाच विचार थेट राज्यघटनेत आहे. अनुच्छेद १२४ चं सातवं कलम सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींना भारतातल्या कुठल्याही न्यायालयात किंवा प्राधिकरणापुढे वकिली करायला पूर्ण बंदी घालतं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी अनुच्छेद २२० आहे. घटना लागू झाली तेव्हा त्यांनाही अशीच पूर्ण बंदी होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ती सैल केली. आज कायम न्यायमूर्ती म्हणून काम केलेल्या व्यक्तीला सर्वोच्च न्यायालयात आणि स्वतःचं सोडून इतर उच्च न्यायालयांत उभं राहता येतं. जिल्हा न्यायालयात नाही, कुठल्या न्यायाधिकरणातही नाही. मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झालेली व्यक्ती दिल्लीत किंवा बंगळूरला युक्तिवाद करू शकते, पण पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वकीलपत्र दाखल करू शकत नाही.

ही मुभा मिळाल्यावर आपल्याकडच्या काही फार मोठ्या माणसांनी ती वापरली. महम्मद करीम छागला १९४७ ते १९५८ मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते. पुढे राजदूत झाले, केंद्रात मंत्री झाले, १९६७ मध्ये मंत्रिपद सोडलं आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात वकिली केली. सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे १९५७ ते १९६९ मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्यानंतरची त्यांची सर्वोच्च न्यायालयातली वकिली आणि नागरी हक्कांसाठीचं काम आपल्या पिढीला ठाऊक आहे. सभेत, वर्तमानपत्रात, कार्यकर्त्यांच्या तोंडी ते ‘न्यायमूर्ती तारकुंडे’ होते आणि ते अगदी योग्य होतं. पण जुने निकालसंग्रह उघडून बघा. निकालाच्या सुरुवातीला वकिलांची नावं देतात, तिथे ‘व्ही. एम. तारकुंडे’ एवढंच आहे, पुढच्या-मागच्या वकिलांच्या नावासारखंच. सभेतला माणूस आणि वकिलांच्या यादीतला माणूस यांत फरक कसा करायचा, ते त्या छापील ओळीत दिसतं.

तुमच्याकडच्या रोजनाम्यातही, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतही, हेच आहे. रोजनाम्यात ‘सामनेवाल्यांतर्फे वकील श्री. अमुक हजर’ असं लिहिलं जातं. ‘जज्जसाहेब हजर’ असं कुठल्याही शिरस्तेदाराने आजवर लिहिलेलं नाही. म्हणजे कोर्टाच्या कागदाला हा फरक नीट कळतो. अडतं ते आपल्या तोंडाशी.

यावर हमखास येणारी दोन उत्तरं आहेत. पहिलं असं, की कर्नल निवृत्त झाला तरी कर्नलच राहतो, गावात शाळामास्तर मरेपर्यंत गुरुजी असतात, मग न्यायाधीशांनीच काय घोडं मारलंय? घटनेचा अनुच्छेद १८ राज्यसंस्थेला किताब द्यायला मनाई करतो आणि त्यातून लष्करी व शैक्षणिक सन्मान वगळतो. लष्करातला हुद्दा माणसाला मिळतो, तो त्याच्या नावाबरोबर चालू शकतो. न्यायाधीश हा किताब नाही आणि हुद्दाही नाही, ते अधिकारपद आहे. माणूस खुर्चीवरून उठला की अधिकार खुर्चीवरच राहतो. पद्म पुरस्कारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या बालाजी राघवन प्रकरणात सांगितलं की हे पुरस्कार किताब नाहीत, आणि म्हणूनच ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. देशाने कायमचा दिलेला सन्मानसुद्धा नावाला चिकटवायचा नाही, तर निवृत्तीच्या दिवशी संपलेलं पद कसं चिकटवायचं?

आणि गुरुजींचं म्हणाल तर, गुरुजी परीक्षेला बसले तर पर्यवेक्षकाने त्यांना वर्गात ‘गुरुजी’ म्हणून हाक मारलेली शेजारच्या बाकावरच्या मुलाला कशी वाटेल, ते विचारा. अडचण तिथे आहे. लग्नात, सत्यनारायणाला, व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर त्यांना खुशाल जज्जसाहेब म्हणा. मीही म्हणतो.

दुसरं उत्तर असं, की हा नुसता आदर आहे, त्याने निकाल थोडाच बदलतो. डायसवरचे न्यायाधीश अशा हाकेने वाहवत जात नाहीत, हे मलाही मान्य आहे. निदान बहुतेक जात नाहीत. पण कोर्टात फक्त न्यायाधीश ऐकत नसतात. मागच्या बाकावर पक्षकार बसलेला असतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. वाटपाच्या दाव्यातलं अपील होतं, जिल्हा न्यायालयात. माझी अशील एक विधवा शेतकरी बाई, दीर आणि पुतण्यांविरुद्ध. खालच्या कोर्टाचा हुकूमनामा तिच्या बाजूने होता, अपील दिराचं होतं. त्यांच्या बाजूने एक निवृत्त न्यायाधीश वकील म्हणून आले. माणूस सज्जन, तयारी चोख. पण पुकारा झाला तेव्हा पट्टेवाल्याने त्यांना ‘या, जज्जसाहेब’ म्हणून खुर्ची पुढे केली. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, नंतर असलेल्या वकिलांनी उठून जागा दिली. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने नमस्कार करून विचारपूस केली, तीही ‘जज्जसाहेब, तब्येत काय म्हणते’ अशी. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मीही हसून मान झुकवली.

दुपारी व्हरांड्यात बाई मला म्हणाली, ‘वकीलसाहेब, त्यांनी तर जज्जच आणलाय. आता आपलं काय चालणार? द्या लिहून काय ते.’ ती तडजोडीच्या पुरसिशीवर, म्हणजे कोर्टात दाखल करायच्या लेखी निवेदनावर, अंगठा उठवायला निघाली होती. स्वतःच्या बाजूने झालेला हुकूमनामा हातात असताना, दीर देईल ती दोन एकर घेऊन. मी तिला अर्धा तास समजावलं की ते जज्ज नाहीत, होते, आणि इथे त्यांना माझ्याइतकाच अधिकार आहे. तिने मला एकच प्रश्न विचारला, ‘मग तुम्ही सगळे त्यांना जज्ज का म्हणता?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. अपील पुढे रीतसर चाललं आणि तिचा हिस्सा कायम राहिला, पण ती पुरसीस त्या दिवशी दाखल झाली असती तर कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात तिच्या नुकसानाची नोंद सापडली नसती. त्या दिवसापासून मी कोर्टात हा शब्द डायससाठी राखून ठेवला आहे.

तुमच्या साक्षीदार बाई गोंधळल्या याचं आणखी एक साधं कारण आहे. २००६ मध्ये बार कौन्सिलने न्यायालयाला कसं संबोधायचं याचा नियम केला. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांत ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, आणि खालच्या न्यायालयांत व न्यायाधिकरणांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला त्या अर्थाचा शब्द. ‘माय लॉर्ड’ हे वसाहतीच्या काळाचं ओझं म्हणून टाकावं, असा तो विचार होता. तो सर्वत्र पाळला जात नाही. उच्च न्यायालयांत ‘मिलॉर्ड’ अजून चालतंच, आणि आपल्या नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना ‘युवर ऑनर’ म्हणणाऱ्याला त्यांनीच टोकलं होतं, की हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात किंवा मॅजिस्ट्रेटपुढे म्हणतात. तो वाद वेगळा. पण त्या नियमामुळे आपल्या जिल्हा पातळीवर ‘साहेब’ आणि ‘कोर्टसाहेब’ ही डायससाठीची रीतसर संबोधनं ठरतात. साक्षीदाराला शपथ दिल्यावर आपणच सांगतो, ‘साहेबांकडे बघून बोला.’ मग त्याच खोलीत दुसरे जज्जसाहेब उभे केले तर तिने कोणाकडे बघायचं? पहिल्यांदा पिंजऱ्यात उभी असलेली, नवरा गमावलेली बाई ‘जज्जसाहेब विचारताहेत’ हे ऐकून विमा कंपनीच्या सूचक प्रश्नालाही ‘होय’ म्हणून जाईल. उलटतपासात ही छोटी गोष्ट नाही. हेल्मेट होतं का, गाडी कोण चालवत होतं, यातल्या एका ‘होय’वर भरपाईची रक्कम खाली येते.

अमेरिकेत निकाल देणारी सामान्य नागरिकांची ज्यूरी असते, म्हणून तिथे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तिथल्या अमेरिकन बार असोसिएशनने १९९५ मध्येच औपचारिक मत दिलं की माजी न्यायाधीशाने वकिली करताना ‘जज’ किंवा ‘ऑनरेबल’ ही बिरुदं वापरू नयेत, कारण त्यातून इतरांना न मिळणारं काही आपण मिळवून देऊ शकतो असा समज पक्षकाराच्या मनात तयार होतो. आपल्याकडे ज्यूरी नाही म्हणून हा मुद्दा लागू नाही असं काहीजण म्हणतात. व्हरांड्यातली ती बाई ज्यूरीत नव्हती, तरी तिचा समज तोच झाला होता.

पद सांगायचंच नाही असंही नाही, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण सरसकट बंदी मी मागत नाही. जिथे माणसाचा पूर्वानुभव हीच त्याची पात्रता असते तिथे तो सांगितलाच पाहिजे. नीरव मोदीच्या प्रत्यार्पणाचा खटला लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयात चालला. इंग्लंडच्या कोर्टात भारताचा कायदा हा परदेशी कायदा असल्याने तो तज्ज्ञ साक्षीने सिद्ध करावा लागतो. बचावपक्षातर्फे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी साक्ष दिली. तिथे त्यांचं माजी पद सांगणं आवश्यकच होतं. पण फेब्रुवारी २०२१ च्या निर्णयात न्यायाधीशांनी त्या साक्षीला फारसं वजन दिलं नाही. ती पुरेशी वस्तुनिष्ठ आणि विश्वासार्ह वाटली नाही, असं त्यांनी लिहिलं. पद पात्रता म्हणून ऐकून घेतलं आणि मग साक्ष स्वतंत्रपणे तोलली, हे मला आदर्श वाटतं.

उलट भारतातल्या कोर्टात निवृत्त न्यायमूर्तींचं कायदेविषयक मत लेटरहेडसकट अर्जाला जोडण्याची जी पद्धत पडते आहे, ती मला पटत नाही. जुन्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये परदेशी कायदा तज्ज्ञाच्या मताचा विषय होता. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम ३९ मध्ये आहे. आपल्या देशाचा कायदा काय आहे हे ठरवणं न्यायाधीशाचं काम आहे, त्यावर साक्ष नसते. मग ते मत जोडण्याचा उपयोग एकच उरतो, लेटरहेडवरचं नाव डायसवरच्या डोळ्यांसमोर जावं.

काटजूंचाच आणखी एक प्रसंग या संदर्भात आठवण्यासारखा आहे. केरळच्या सौम्या खूनखटल्यातल्या निकालावर त्यांनी टीका केली, तेव्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाच येऊन मांडणी करायला सांगितलं. त्यांनी आधी अनुच्छेद १२४ ची बंदी दाखवली, पण न्यायमूर्तींचं मत बंदी लागू होत नाही असं असेल तर यायला तयार आहे, असंही म्हटलं, आणि ११ नोव्हेंबरला ते आले. सुनावणी कडवट झाली. त्यांच्यावर अवमानाची नोटीस निघाली आणि जानेवारी २०१७ मध्ये माफीनंतर ते प्रकरण मिटलं. कोणाची चूक हा इथे मुद्दा नाही. माजी न्यायमूर्ती डायससमोर उभे राहिले की दोन्ही बाजूंना किती अवघड होतं, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं. आपल्या तालुक्या-जिल्ह्यात ते अवघडलेपण रोज असतं, फक्त बातमी होत नाही. डायसवरच्या तरुण अधिकाऱ्याने कदाचित त्यांच्याच हाताखाली प्रशिक्षणाचे दिवस काढलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये न्यायिक जीवनमूल्यांचा जो ठराव केला, त्यात स्वतःच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलांशी जवळीक टाळावी असं न्यायमूर्तींना सांगितलं आहे. त्याचा अर्थ खालपर्यंत नेला तर डायसवरून ‘वकीलसाहेब, बोला’ एवढं म्हटलं की पुरे होतं. अधिकाऱ्याने ते शांतपणे म्हटलं तर अख्खी खोली आपोआप सुधारते.

लवादाचं थोडक्यात सांगतो. तिथे निवृत्त न्यायमूर्ती निवाडाच देत असतात, त्यामुळे ‘न्यायमूर्ती अमुक (निवृत्त)’ असं लिहिण्यात खोटं काही नाही. ‘माय लॉर्ड’ची गरज तिथेही नाही. १९९६ चा कायदा त्यांना लवाद म्हणतो.

आता तुम्ही काय करायचं. तक्रार ही पहिली पायरी करू नका. वकील अधिनियमाच्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, आणि लेटरहेडवर माजी पद छापून तेच पक्षकार मिळवण्यासाठी वापरलं जात असेल तर ती करावी लागेलही. पण तोंडी हाकेसाठी मी तो रस्ता धरणार नाही. ३६ वा नियम पाटी आणि कागदांबद्दल बोलतो, दुसऱ्याच्या तोंडातल्या हाकेबद्दल नाही. शिवाय निम्म्या वेळा त्या निवृत्त न्यायाधीशांना स्वतःलाच हे नकोसं असतं, फक्त कोणाला कसं थांबवावं ते सुचत नाही. त्यांना बार रूममध्ये चहावर भेटा. बाई गोंधळल्या ते सांगा, तक्रारीच्या सुरात नाही. उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन दिल्लीत वकिली करणाऱ्या एका ज्येष्ठांना मी ज्युनिअरच्या खांद्यावर हात ठेवून सांगताना पाहिलं आहे, ‘बाळा, या खोलीत मी तुझा सीनिअर, बाकी काही नाही.’ असं त्यांनीच म्हटलं की विषय संपतो. त्यांनी म्हटलं पाहिजे ही अपेक्षाही मी ठेवतो, कारण मान त्यांना मिळतो, तेव्हा तो नाकारायची जबाबदारीही आधी त्यांची.

साक्षीदारापुढे पुन्हा तसं झालं तर मात्र गप्प बसू नका. उभं राहून, आवाज न चढवता, एवढंच म्हणा: ‘सर, साक्षीदाराचा गैरसमज होतो आहे. प्रश्न सामनेवाल्यांचे विद्वान वकील विचारत आहेत, एवढं तिला समजावून सांगावं.’ यात कोणाचा अपमान नाही आणि न्यायाधीशांना तसं सांगणं सोपं जातं. त्यानंतरही तेच चालू राहिलं तर तुमचा आक्षेप नोंदवून घ्यायची विनंती करा. साक्षीच्या आधी तुमच्या बाईंना व्हरांड्यात नीट समजावून ठेवा: काळा कोट घातलेले सगळे वकील, उंचावर बसलेले एकच साहेब.

शेवटी तुम्ही विचारलंय की ते वयाने वडिलांसारखे आहेत, मग तुम्ही स्वतः त्यांना काय म्हणायचं. बाहेर ‘सर’ म्हणा, ‘साहेब’ म्हणा, वाकून नमस्कार करा. आत गेल्यावर ‘सामनेवाल्यांचे विद्वान वकील’.